रिकुगिएन की तोयामा?

टोकियोत एकच सकाळ हाताशी असेल, तर बहुतेक जण रिकुगिएन गाठतात. यानागिसावा योशियासु या सरदाराची १७०२ची ही बाग तळं, पूल, पाइनसकट आजही नांदती आहे. डोळ्यांचं पारणं फिटतं. आईवडील सोबत असतील, तर तिथेच जा.

एकटे असाल, तर मी तोयामा पार्क सुचवेन. ओवारी प्रांताच्या तोकुगावा या सरदार घराण्याची अफाट बाग इथे होती; आत ओदावारा या गावासारखी अख्खी लुटुपुटूची पेठ वसवलेली! उरली आहे ती हाकोनेयामा, तळं खोदताना निघालेल्या मातीची टेकडी. समुद्रसपाटीपासून जेमतेम ४४.६ मीटर. पायऱ्या चढून माथ्यावर थांबा. झाडांआडून इमारती दिसतात. तळं कुठे असेल, ते उतारावरून आपणच ताडायचं. माझा जीव तिथेच अडकतो.