शोधगंगा आणि टक्केवारीचा अहवाल : मार्गदर्शकाच्या बाजूने

मराठी विषयात पीएच.डी.चे मार्गदर्शन करणाऱ्याला आज दोन साधने वापरल्याशिवाय गत्यंतर नाही. एक म्हणजे प्रबंधांचा डिजिटल साठा असलेली शोधगंगा आणि दुसरे म्हणजे प्रबंधातील मजकुराची समानता तपासणारे सॉफ्टवेअर. दोन्ही मी बरीच वर्षे वापरते आहे. पहिले साधन मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात उघडायला लावते. दुसऱ्यावर मात्र, निदान मराठीपुरता, मी विश्वास टाकत नाही.

शोधगंगा चालवते ते गांधीनगरचे इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि तेव्हापासून हा साठा वाढतो आहे. नोंदणी नाही, शुल्क नाही. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये उतरवून घेता येतो. आम्ही विद्यार्थी असताना दुसऱ्या विद्यापीठातील प्रबंध पाहायचा म्हणजे विभागप्रमुखांचे पत्र घेऊन एसटीने जायचे, ग्रंथालयाच्या कोपऱ्यातील टेबलावर बसायचे आणि हाताने टिपणे काढायची, कारण झेरॉक्सला परवानगी नसे. ज्यांनी ते केले आहे त्यांनाच या सोयीची खरी किंमत कळेल.

तिचा सर्वांत मोठा उपयोग विषय ठरवताना होतो. विद्यार्थी बहुधा ‘अमुक लेखकाच्या कथांचा चिकित्सक अभ्यास’ अशा साच्यातला विषय घेऊन येतो. मी त्याच्याशी वाद घालत बसत नाही. त्याच साच्यातले दहा प्रबंध शोधगंगेवर काढून त्यांची उद्दिष्टे आणि निष्कर्ष एवढेच वाचून यायला सांगते. दहाही निष्कर्ष एकमेकांच्या जागी ठेवले तरी चालतील, हे त्याचे त्यालाच दिसते आणि पुढचे बोलणे सोपे होते. चालू संशोधनाच्या आराखड्यांसाठी शोधगंगोत्री हा वेगळा साठा आहे, तोही चाळून घ्यावा.

शोध घेताना मात्र थोडी युक्ती लागते. नोंदी त्या त्या विद्यापीठाने भरलेल्या असतात, त्यामुळे एखादे मराठी शीर्षक देवनागरीत असते, एखादे रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये ‘ग्रामीण’मधली दीर्घ ई प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लिहिलेली असते. एकच मार्गदर्शक आडनाव आधी की नंतर एवढ्या फरकाने दोन ठिकाणी सापडू शकतो. म्हणून शब्द टाकून काही मिळाले नाही, एवढ्यावरून ‘या विषयावर काम झालेले नाही’ असे आराखड्यात लिहू नये. विद्यापीठ, मग विभाग अशा वाटेने यादी डोळ्यांखालून घालावी.

समानता-तपासणीची गोष्ट वेगळी आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या समानतेला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. २०१९मध्ये शोधशुद्धी या उपक्रमातून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळू लागले आणि ‘मॅडम, किती टक्के आले?’ हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न होऊन बसला.

माझ्या एका विद्यार्थ्याचा अहवाल ७ टक्के आला होता. सॉफ्टवेअरने जुळणाऱ्या म्हणून रंगवलेल्या ओळी कोणत्या? ‘प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत’ यासारखी वाक्ये आणि कवितांची अवतरणे. तिसऱ्या प्रकरणातील चार पाने मात्र पांढरीशुभ्र होती, आणि मला खटकली ती तीच. हा मुलगा बोलताना आणि लिहिताना ‘खरे पाहता’ म्हणतो. त्या पानांवर मात्र जिथे तिथे ‘वस्तुतः’ होते. शोधगंगेवर तासभर शोधल्यावर एका जुन्या प्रबंधात तीच चार पाने सापडली, ‘जाणिव’ या ऱ्हस्व चुकीसकट.

सॉफ्टवेअरला ती का दिसली नाहीत, हे मी त्याच पीडीएफवर करून पाहिले. परिच्छेद कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला तर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हांची रांग उमटली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आपल्या डोळ्यांना मराठी दिसतो, यंत्राला तो तसा दिसत नाही. स्कॅन करून चढवलेली पाने तर नुसती चित्रे असतात. हिंदी समीक्षाग्रंथातून केलेल्या भाषांतराबद्दल बोलायलाच नको.

म्हणजे वाचणे आलेच, आणि वाचायला वेळ हवा. २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. तासिका, पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली सांभाळून आठ जणांची प्रकरणे ओळीओळीने वाचणारा प्राध्यापक मी तरी अजून पाहिलेला नाही. त्यातून निम्मे विद्यार्थी नोकरी करणारे, त्यांचे प्रकरण येते ते सल्लागार समितीच्या बैठकीच्या आदल्या रात्री, व्हॉट्सॲपवर, आणि तेही पीडीएफमध्ये. आता मी प्रकरणे फक्त युनिकोडमधील वर्ड फाइलमध्ये घेते.

त्या विद्यार्थ्याने सुरुवातीला ‘रिपोर्ट तर क्लिअर आहे ना’ असेच म्हटले. मग त्याने दोन महिने घेतले, मूळ कादंबऱ्या पुन्हा वाचल्या आणि चार पानांची सात पाने स्वतः लिहिली, आधार घेतला तिथे नाव आणि पृष्ठांक देऊन. नियमाने अवतरणे मोजायची नसतात, पण सॉफ्टवेअरने त्याची काही अवतरणे मोजली, आणि दुसऱ्या अहवालात ७चे ९ टक्के झाले.