दाणा, पाणी की झाड? बर्ड फीडर विकत घेण्याआधी

बाल्कनीत किंवा परसात बर्ड फीडर टांगावा का, असं कुणी विचारलं की आधी उलटा प्रश्न करावा लागतो: तुम्हाला बघायचंय कोणाला? बाजरी-तांदूळ भरून ठेवले की दाणे टिपणारेच येणार, आणि आपल्या शहरांत असे पक्षी मोजकेच. कबूतर, होला, चिमणी, मनोली, पोपट. दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, भारद्वाज या मंडळींना बाजरीत काडीचाही रस नाही. आपला राज्यपक्षी हरियल तर कबुतरांच्याच कुळातला. पण तो वड-उंबर-पिंपळाच्या फळांवर जगतो, दाण्याच्या वाटीकडे ढुंकूनही बघणार नाही.

म्हणून फीडरची तुलना दुसऱ्या फीडरशी करण्यापेक्षा पाण्याच्या परळाशी आणि झाडांच्या कुंड्यांशी करणं जास्त उपयोगाचं. जागा, वेळ आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती मुबलक असेल तर तिन्ही करा. बहुतेकांना मात्र एकापासूनच सुरुवात करावी लागते.

दाण्याचा फीडर

याची मोठी बाजू म्हणजे फळ लवकर मिळतं. आसपास झाडी असेल तर थोड्याच दिवसांत वर्दळ सुरू होते. घरात लहान मूल किंवा फारसं बाहेर न पडणारे आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट छोटी नाही. ठिपकेवाल्या मनोलींचा थवा उतरतो, साळुंक्या सगळ्यांना हुसकावतात, आणि खार मागच्या पायांनी उलटी लटकून पुढच्या दोन पंजांत दाणा धरून सोलते. खरं सांगायचं तर फीडरवरचा सगळ्यात करमणुकीचा पाहुणा खारच. तिला थोपवायला लोक नाना युक्त्या करतात. माझ्या मते तिला तिचा वाटा खुशाल द्यावा. फक्त फीडर प्लॅस्टिकचा नको, ती कुरतडून भोकं मोठी करते. कधी या गर्दीच्या मागावर शिक्राही येतो. एखादा होला उचलला गेला तर घरात हळहळ होते, पण शिकारी येणं हाही बघण्याचाच भाग आहे.

आता कबुतरं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा निर्णय खरं तर इथेच होतो. उघड्या ताटलीत दाणे ठेवले की ती ताटली कबुतरांचीच. एकदा त्यांनी जागा हेरली की एसीच्या युनिटमागे काड्या पडतात, वर्षभर अंडी-पिल्लं चालू राहतात आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याचा हिशोब उमटतो. विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली की काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा, म्हणजे लोक कबुतरांना दाणे टाकतात त्या चौकांचा, वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यामागे आरोग्याचा हाच मुद्दा होता. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फीडरचा विचार इथेच सोडा.

तरीही दाणाच ठेवायचा असेल, तर आखूड दांड्या आणि बारीक भोकं असलेला नळीचा फीडर घ्या. मनोली, चिमण्या त्यावर बसू शकतात, कबुतराला ते अवघड जातं. पण खाली सांडलेला दाणा ते टिपणारच, म्हणून खाली थाळी लावायची आणि रोज रिकामी करायची. बंगला असेल तर सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण, क्वचित नागही. सर्पमित्राचा नंबर हाताशी असणं वेगळं आणि सापाला दर आठवड्याला आमंत्रण देणं वेगळं.

फीडरवरच्या गर्दीत रोगही पसरतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या रोगाने ग्रीनफिंच या फीडरवर नेहमी येणाऱ्या पक्ष्याची संख्या पार खाली आणली. पक्षी संवर्धनासाठी काम करणाऱ्या तिथल्या आरएसपीबी या संस्थेने २०२५ मध्ये सपाट फीडरची विक्री थांबवली. आठवड्यातून एकदा फीडर गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवणं जमणार नसेल, तर तो न टांगणं हीच पक्ष्यांवरची मेहेरबानी. पावसाळ्यात दाणा भिजून बुरशी धरते, तेव्हा फीडर सरळ उतरवून ठेवावा. त्या दिवसांत बाहेर किडे आणि गवताचं बी भरपूर असतं.

चिमण्यांसाठी म्हणून फीडर घेणारे बरेच असतात. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून सुरू झाला तो नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने, त्यामुळे आपल्याकडे हा विषय घरोघरी पोचला. पण चिमणी पिल्लांना सुरुवातीला दाणे नाही, किडे-अळ्या भरवते. तिला दाण्याइतकीच घरट्याला बिळासारखी जागा आणि औषध न मारलेली झाडं लागतात.

पाण्याचं परळ

मला विचाराल तर सुरुवात इथून. दाण्याने पक्षी जास्त येतात, पाण्याने जाती जास्त येतात. कीटक खाणारा असो, फळं खाणारा की मध पिणारा, फेब्रुवारी ते जूनमध्ये पाणी सगळ्यांनाच हवं. बुलबुल अंघोळीला येतात, दयाळ दुपारी शांतपणे पिऊन जातो, सातभाईंची टोळी येऊन सगळं पाणी उडवून टाकते. बंगल्यात परळ जमिनीवर ठेवलं तर मुंगूस येतं, आणि जवळ जुनी झाडी असेल तर रात्री उदमांजरही. ते बघायला महागडा कॅमेरा लागत नाही. हालचाल टिपणारं ॲप टाकलेला जुना मोबाइल खिडकीत ठेवून, बाहेरचा मंद दिवा चालू ठेवला तरी बरंच दिसतं.

खर्च कुंभाराकडच्या एका परळाचा. पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खरबरीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला आणि मधमाश्यांना पाय टेकता येतो. चकचकीत स्टील किंवा प्लॅस्टिक नको, त्यावर पंजे घसरतात आणि उन्हात पाणी तापतं. परळाभोवती थोडी मोकळी जागा सोडा, नाहीतर दबा धरायला मांजराची सोय होते.

यातली कटकट एकच: डास. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भांड्यालाच अंडी चिकटवतो, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, काठ घासावा लागतो. रोज सकाळी झाडांना पाणी घालताना हे काम उरकतं. गावाला जाताना परळ पालथं घालून जायचं.

फुलाफळांची झाडं

इथे धीर लागतो. कुंडीतल्या जास्वंदीला किंवा हॅमेलियाला फुलं आली की शिंजीर हजेरी लावतो, हे फ्लॅटमध्येही होतं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरं अंडी घालतात. ब्लू मॉर्मन, म्हणजे २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. अळ्या दिसल्या की औषध मारायचं नाही, कारण त्याच अळ्या टिपायला शिंपी आणि वटवट्या येतात. जमीन असेल तर पांगारा किंवा काटेसावर लावा. फुलोऱ्याच्या दिवसांत तिथे जी झुंबड उडते ती कुठल्याही फीडरवर दिसणार नाही. सिंगापूर चेरी झपाट्याने वाढते आणि लवकर फळते, पण झाड परदेशी आहे आणि रात्री वटवाघळं येऊन भिंती रंगवतात. मी उंबराला मत देईन, भिंतीपासून लांब लावायची तयारी असेल तर.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी हा सगळा हिशोब उलटा होतो. बर्फात पाणी गोठतं, झाडं निष्पर्ण असतात, तेव्हा दाण्याचाच उपयोग. तिथे फिंच पक्ष्यांसाठी पिशव्यांतून विकतात ते आपलं चटणीचं कारळंच, आणि ते भारतातूनही जातं. मात्र न्यू जर्सीसारख्या अस्वलांच्या प्रदेशात वसंत सुरू झाला की फीडर उतरवावा लागतो. अस्वलाला एकदा चव कळली की ते परत परत येतं.

इकडे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर परळ आणि दोन कुंड्या. स्वतःचा बंगला असेल तर यंदाच्या पावसात झाड, परळ आजच. दाण्याचा फीडर फक्त तिथे, जिथे कबुतरं मुळात कमी आहेत आणि धुण्याचं काम कुणीतरी नावानिशी अंगावर घेतलंय. आधीच दाणे टाकत असाल आणि थांबवायचं असेल तर कबुतरांची काळजी नको, ती दुसरीकडे पोट भरतात. कबुतरं अडवायला बाल्कनीला जाळी बसवणार असाल तर ती ताणून बसवून घ्या, सैल जाळीत बुलबुलही अडकतात. परळ जाळीबाहेर ठेवायचं असेल तर ग्रिलला तारेने पक्कं बांधा. वरच्या मजल्यावरून ते खाली कुणाच्या डोक्यात पडायला नको.