जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर, की सगळंच नवं?

इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरी गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे. त्यात एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर होता, सोबत बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. लोकमान्यनगरला माझ्या आतेभावाकडे इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४०० आहे. दोघांची तक्रार एकच होती, मोठ्या लढाईत गेम अडखळतो. तरी मी नुसता प्रोसेसर बदलला, आणि त्याला मात्र सांगितलं, "अरे, तू यात एक रुपयासुद्धा घालू नकोस."

खरेदीआधी दोष प्रोसेसरचाच आहे ना, एवढं नक्की करा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५५ टक्के दिसला म्हणून फसू नका, कारण गेमचा मुख्य भार एक-दोन कोअरवरच (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र कामकरी भागांवर) असतो आणि सरासरीत तो झाकला जातो. बघायचं ते ग्राफिक्स कार्डाकडे. ते ९७-९८ टक्क्यांवर धावत असेल तर नवा प्रोसेसर घेऊन फारसं काही हाती लागणार नाही. ते ६०-७० वर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून तोच प्रसंग पुन्हा खेळा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढला नाही, तर अडसर प्रोसेसरचा. त्याआधी कॅबिनेटमधली धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदला, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. इंदूरच्या मे महिन्यात तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि ते दुखणं पेस्टच्या एका ट्यूबने बरं होऊ शकतं.

आता माझ्या मशीनचं. माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले. मी रायझन ५ ५६०० घेतला. कागदावर तोही ६ कोअर, १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६५ वॅट, म्हणजे जुन्याइतकाच. फरक आत आहे. २६०० मध्ये कोअर तीन-तीनच्या दोन गटांत वाटलेले असतात आणि प्रत्येक गटाकडे ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, असते. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की वेळ जातो. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर बसतात. शिवाय कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. गेमला नेमकं हेच लागतं. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), रॅम, बोर्ड सगळं तेच राहिलं, कूलर डब्यातच आला. अडखळणं गेलं, त्यामुळे या वाटेबद्दल मी मनापासून बोलतोय.

यात दोन जागी जपायचं. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि कंपनीच्या यादीत बोर्डाचं नाव, रिव्हिजन (आवृत्ती क्रमांक) दोन्ही जुळवून पाहा. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात यूपीएसशिवाय हात लावू नका. दुसरं, एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात. मी कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसरही उपटून आला आणि एक पीन वाकली. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून कूलर हलकेच फिरवत सोडवा.

आतेभावाच्या बोर्डावर चढेल असा सर्वात मोठा प्रोसेसर आय७-७७००के, म्हणजे पुन्हा ४ कोअरच. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही त्याच्यासारखंच एलजीए ११५१ असलं तरी तो प्रोसेसर त्या बोर्डावर चालत नाही, सेकंडहँड घेताना हे विसरू नका. त्यात विंडोज १० चा आधार (नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी जवळजवळ नाहीच. रायझन २००० मालिका आहे, पहिली १००० मालिका नाही.

त्याच्यासाठी वाट एकच, एएमडीच्या एएम५ सारखं नवं सॉकेट. तिथे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम घ्यावं लागतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, सिल्व्हर मॉलमध्ये, प्रोसेसरआधी रॅमचा त्या दिवसाचा भाव विचारा. बदल्यात या सॉकेटवर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर आणू, असं एएमडीने जाहीर केलंय. आज रायझन ५ ७६०० घेतला तरी पुढे बोर्ड न बदलता वर चढता येईल.

तो सध्या थांबलाय. दिवाळीपर्यंत पैसे साठवेल. तोवर त्याने फक्त एक एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क) घेतली, कारण ती नव्या मशीनमध्येही लागेल.