सात रांजण आणि माझी बोरमाळ

माझी बोरमाळ आणि दोन पाटल्या, मिळून साडेसहा तोळे, आणि रोख 2 लाख 97 हजार रुपये. 2022च्या दसऱ्यापासून कार्तिक अमावास्येपर्यंतच्या सात आठवड्यांत हे सगळं आम्ही आमच्या हातांनी गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला दिलं. कुणी चाकू दाखवला नाही, कुणी कुलूप तोडलं नाही. मी अंगणवाडी सेविका आहे, रोज पन्नास घरांत माझं येणं-जाणं असतं. आमच्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून घडलं तसं सांगते.

आमचं गाव तोरण्याच्या घेऱ्यात. इथल्या प्रत्येक पोराला चालायला यायच्या आधी धनाची गोष्ट माहीत होते. शिवाजी महाराजांनी 1646-47च्या सुमारास तोरणा घेतला, डागडुजी करताना गडावर धन सापडलं, आणि त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. ही झाली इतिहासातली गोष्ट. तिच्या शेजारी आमच्या गावची दुसरी एक गोष्ट नांदते. गावामागच्या टेकाडावर कातळात खोदलेलं टाकं आहे. त्यात सात रांजण आहेत, एकमेकांना साखळीनं बांधलेले. अमावास्येच्या रात्री ते पाण्याखालून चालतात, आणि नशीबवानाला साखळीचा आवाज ऐकू येतो. धनावर नाग बसलेला आहे. ज्याच्या नशिबात नाही त्यानं हात लावला तर सोन्याचे कोळसे होतात. माझ्या सासऱ्यांना ही गोष्ट त्यांच्या आजीनं सांगितली होती, आणि मामंजींनी ती माझ्या मुलीला सांगितली.

श्रावणात एक माणूस आला. पाठीवर सॅक, हातात जाड वही. किल्ल्यांवर पुस्तक लिहितोय, जुन्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करतोय, असं म्हणाला. दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून होता. मामंजींना कुणी इतक्या आपुलकीनं ऐकणारं भेटलं की ते खुलतात. त्यांनी रांजणांची गोष्ट सांगितली, मागच्या वावरातल्या उंबराखाली त्यांच्या लहानपणी तांब्याच्या शिवराया, म्हणजे जुनी नाणी, सापडल्याचं सांगितलं. सासूबाईंनी नात पायाळू आहे, पायाकडून जन्मलेली (अशा लेकराला पुरलेलं धन दिसतं, अशी समजूत), हेही बोलता बोलता सांगून टाकलं. मी चहा दिला. भाऊजींच्या डोक्यावरच्या कर्जाचा विषय निघाला तेव्हाही तो तिथेच बसला होता. सगळं वहीत उतरत होतं.

दसऱ्याला दुसराच माणूस दारात उभा. भगवी कफनी, सोबत एक शिष्य. पाणी मागितलं, ओसरीवर टेकला आणि डोळे मिटून म्हणाला, "या घराच्या मागं उंबर आहे. उंबराखाली साखळीचं एक टोक आलंय. घरात पायाळू लेकरू आहे. घरावर ऋण आहे, पण ते फिटायची वेळ आली." मामंजींनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आमचीच गोष्ट आम्हाला परत ऐकवली जात होती, आणि ती आमच्याकडूनच गेलेली आहे हे घरातल्या पाच माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. वहीवाला आणि महाराज एकाच टोळीतले, हे पोलिसांत गेल्यावर समजलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे. तुमच्या गावात गोष्टी विचारत कुणी फिरत असेल तर गोष्टी खुशाल सांगा, पण घरातलं कर्ज, आजारपण आणि लेकरांच्या जन्माची हकीकत त्यात मिसळू देऊ नका.

पहिल्या पूजेचे 11 हजार घेतले. आठ दिवसांनी तो एक नाणं घेऊन आला. म्हणाला, साखळीनं खूण पाठवलीय. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवकालीन होन आहे, म्हणे. हे (माझे यजमान) नाणं घेऊन तालुक्याला सोनाराकडे गेले. सोनारानं कसोटीवर घासून सांगितलं, सोनं खरं आहे, चोख आहे. त्या दिवसापासून ह्यांचा विश्वास दगडासारखा पक्का झाला. सोनार सोन्याचा कस सांगतो, नाण्याचं वय सांगत नाही. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सोनं घ्यायचं, त्यावर अक्षरं ठोकून घ्यायची, की झाला होन. शिवाजी महाराजांचे अस्सल होन आज इतके थोडे उरलेत की त्यातला एक उंबराखालून सहज हाती लागला म्हटल्यावर तिथेच थबकायला हवं होतं. त्या कफनीवाल्यानं गळाला खरं सोनं लावलं, तेही बरंचसं आमच्याच 11 हजारांतून.

मग मशीनवाले सर आले. काळी पेटी, दांड्याला चकती, कानाला हेडफोन. भाडं 25 हजार. वावरात तीन ठिकाणी मशीन किंचाळलं. होकायंत्र काढून दाखवलं तर काटा थरथरत बाजूला वळला. "खाली धातू आहे, नाहीतर सुई हलेल कशाला?" भाऊजी बारावी सायन्स झालेले, त्यांनाही हे पटलं. पुढे भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी समजावलं तेव्हा डोळे उघडले. आपला सह्याद्री बसाल्टचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. या काळ्या दगडातच लोहाचे चुंबकी कण असतात. त्यामुळे होकायंत्राची सुई जागोजागी भरकटते आणि असलं मशीन नुसत्या धोंड्यावरही वाजतं. त्या मशीनवाल्या सरांनी मशीन पुण्यात मातीच्या मैदानावर फिरवून दाखवलं नाही, आमच्या कातळावरच आणलं, याचं कारण हे.

त्या वर्षी दिवाळीत 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, 26ला पाडवा आणि मधल्या 25ला सूर्यग्रहण होतं. महाराजानं तोच दिवस धरला. नागाच्या बांधणीचे 61 हजार आदल्या दिवशी घेतले. संध्याकाळी सूर्य ग्रासलेलाच मावळला आणि उंबराखाली पूजा मांडली. त्यानं लिंबू कापलं, आतून लालभडक रस आला. समिधांवर 'तूप' सोडलं आणि काडी न ओढता जाळ झाला. सासूबाई हात जोडून रडायला लागल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी नंतर हे दोन्ही प्रकार माझ्या अंगणवाडीच्या दारात करून दाखवले. सुरीच्या पात्याला आधी रसायन लावून ठेवलेलं असतं, लिंबाचा आंबट रस लागला की ते लाल होतं. समिधांत पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि तूप म्हणून ओततात ते ग्लिसरीन. थोड्या वेळानं आपोआप पेट घेतं. एवढंच.

जाळ विझल्यावर खोदायला सुरुवात झाली. हे आणि भाऊजी खोदत होते, मी कंदील धरून उभी होते. इथे मला खटकलं. मी शेतकऱ्याची लेक, माती ओळखते. त्या वावरात वर वीतभर काळी माती, खाली तांबूस मुरूम, त्याखाली कातळ. मुरमाला कुदळ घालायची तर ठिणग्या उडतात. त्या रात्री मात्र कुदळ भसाभस आत जात होती. काळी आणि मुरूम एकमेकांत कालवलेले होते, आणि हाताएवढ्या खोलीवर हरळीची हिरवी काडी निघाली. हरळी जमिनीवर वाढते, तिथे खाली हिरवी कशी राहील? मी ह्यांच्या कानात सांगितलं. हे म्हणाले, "आता नाट लावू नकोस." मी गप्प बसले. या सगळ्यात माझा स्वतःवर राग आहे तो त्या गप्प बसण्याबद्दल.

रांजण निघाला. तोंडाला लाल फडकं, त्यावर लाखेचा थर. कार्तिक अमावास्येआधी उघडला तर कोळसे होतील, असं त्यानं बजावलं. आमच्याच गोष्टीतलं वाक्य होतं ते. मग म्हणाला, सोनं सोन्याला ओढतं, घरच्या लक्ष्मीचं सोनं वर ठेवायला हवं. माझ्या आईनं लग्नात घातलेली बोरमाळ आणि पाटल्या मी काढून दिल्या. त्यानं माझ्यासमोर हळदकुंकवासह पिशवीत बांधल्या, पिशवी रांजणाच्या गळ्याला अडकवली. कधी बदलली, कळलं नाही. रांजण देवघरात आला, ह्यांनी पतसंस्थेतून 2 लाख उचलून सोडवणीसाठी दिले, आणि आम्ही दिवस मोजत बसलो.

अमावास्या होती 23 नोव्हेंबरला. चार दिवस आधी महाराज आला आणि म्हणाला, शेवटच्या रात्री पायाळू लेकरू धनासमोर बसवावं लागेल. एकटं. आंघोळ घालून, नवे कपडे नेसवून, आणि घरातल्या बायकांनी त्या रात्री घराबाहेर राहायचं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी त्याला काही बोलले नाही. भीती वाटली म्हणून नाही, त्याला सावध करायचं नव्हतं म्हणून. पहाटेच्या एसटीनं पोरीला घेऊन भोरला माहेरी गेले. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 ते 1974 या काळात बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या, त्यामागे गुप्तधनाचा हव्यास होता, हे मी वडिलांकडून लहानपणी ऐकलं होतं. त्या माणसाच्या मनात नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला मी थांबले नाही. माहेरून ह्यांना फोन केला आणि सांगितलं, रांजण आत्ता फोडा, नाहीतर मी परत येत नाही.

ह्यांनी फोडला. वर बोटभर पितळेच्या चकत्या, खाली नदीची वाळू. पिशवीत लोखंडी वॉशर आणि खोट्या मण्यांची माळ. महाराजाचा फोन त्याच रात्री बंद झाला.

तरी आम्ही पोलिसांत गेलो नाही, तब्बल पंधरा दिवस. कारण तो पहिल्यापासून सांगत आला होता, "धन सापडल्याचं बाहेर कळलं तर सरकार सगळं ओढून नेईल, वर तुम्हालाच आत टाकेल." त्या भीतीनं आमची तोंडं शिवली होती. शेवटी एका वकीलबाईंनी कायदा उघडून दाखवला. 1878चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरांना लेखी कळवायचं असतं. लपवलं तर शिक्षा आहे. पण कळवलं, आणि त्यावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा, अशी त्यात वाटणी आहे. सरकारला ते धन स्वतःकडे ठेवायचं असेल तर मोबदला द्यावा लागतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. गुपित ठेवण्याची गरज होती ती फक्त त्याला. आणि आम्हाला तर धन सापडलंच नव्हतं, पितळ सापडलं होतं.

दुसरा कायदा 2013चा, जादूटोणाविरोधी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी तो आला. गुप्तधन शोधण्याच्या बहाण्यानं अघोरी कृत्य करणं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. आमची तक्रार या कायद्याखाली आणि फसवणुकीच्या कलमाखाली नोंदवली गेली. ठाण्यात आधी थोडं हसले. मी पोरीचा जन्मदाखला पुढे ठेवला आणि अमावास्येच्या रात्रीचं त्याचं मागणं शब्द न शब्द सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं.

वहीवाला सापडला आहे. कफनीवाला अजून नाही. पितळेच्या चकत्या मुद्देमालात जमा आहेत. पतसंस्थेचा हप्ता आम्ही दर महिन्याला भरतो. मामंजी त्यानंतर वर्षभर ओसरीवर बसले नाहीत. गोष्टीमुळे घर बुडालं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी त्यांना सांगितलं, गोष्टीनं काही केलेलं नाही, टाकं तिथेच आहे, रांजण त्यात चालत राहू देत, तुम्ही नातीला सांगत राहा.

तुमच्या घरात असा रांजण आत्ता देवघरात असेल तर अमावास्येची वाट पाहू नका, पंचांसमोर आजच फोडा. आणि कुणी तुमच्या घरात पायाळू मूल आहे का असं विचारलं, तर पैसे किती गेले याचा हिशोब नंतर करा. आधी लेकराला घराबाहेर काढा आणि 112 लावा.