फराळासाठी भरवसा कुणावर? टीव्हीवरून उतरवलेली वही, ‘रुचिरा’ की मोबाइलवरचा व्हिडिओ

भाचीने ठाण्यात घोडबंदर रोडला घर घेतलं. दसऱ्याला गृहप्रवेश झाला आणि पाहुणे पांगल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, यंदाचा फराळ मी माझ्या घरी करणार आहे. तुझी ती टीव्हीवाली वही देतेस, ‘रुचिरा’ विकत आणू, की सरळ व्हिडिओ लावून करू?” ती ऐरोलीला नोकरी करते, दिवाळीपर्यंत तिच्या हाताशी दोन शनिवार-रविवार आहेत. चुकलेला घाणा पुन्हा घालायला तिला सवड नाही. म्हणून उत्तर तिथल्या तिथे न देता घरी आले, वही काढली, आणि एकेक पदार्थ धरून विचार केला. तिच्यासारखंच कुणी पहिल्यांदा कढई चढवणार असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

वही कशी झाली

ठाण्यातच नौपाड्यात आमच्या दोन खोल्या. टीव्ही बाहेर, ओटा आत. १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला तेव्हा आई आतलं काम टाकून बाहेर यायची. तोवर पाककृती म्हणजे आजीने तोंडी सांगितलेली किंवा शेजारणीकडून आलेली. पदार्थ होताना बघायचा आणि तो करणारा माणूस कारणंही सांगतोय, हे तिला फार आवडलं. मग मराठी वाहिन्या आल्या. ई टीव्ही मराठीवर ‘मेजवानी’मध्ये नागपूरचे विष्णू मनोहर आणि झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले. या दुसऱ्या कार्यक्रमात गावोगावच्या साध्या गृहिणी येऊन रांधायच्या, आणि आमच्या घरात तो आवडायचा तो त्यासाठीच. आपल्यासारखीच एखादी बाई कॅमेऱ्यासमोर आधी बावरायची, कढईत फोडणी पडली की मोकळी व्हायची. आई म्हणायची, “हिचा हात बघ, रोज करणारीचा आहे.”

टीव्ही थांबवता येत नव्हता. आई ऐकून सांगायची, मी लिहायची. हाताला येईल त्या कागदावर, बहुतेक वेळा विजेच्या बिलाच्या मागे, आणि रात्री वहीत नीट. मधेच वीज गेली की ती पाककृती अर्धीच. वहीत अशा सहा-सात अर्ध्या पाककृती अजून आहेत, आणि त्या मी कधी खोडल्या नाहीत.

भाचीने समजून घ्यावं असं मला वाटतं ते इथे आहे. वहीवर माझा विश्वास आहे तो त्या पाककृती टीव्हीवर आल्या होत्या म्हणून नाही. प्रत्येक पानाच्या समासात आईचं लाल पेन आहे. ‘मोहन कमी कर.’ ‘साखर पाऊण पुरे.’ ‘२००८, उत्तम, हेच ठेव.’ वीस दिवाळ्यांत जे टिकलं ते पानावर उरलं. ज्या पानाला लाल शाई लागलेली नाही ते पान टीव्हीचं आहे, आमचं नाही. ते मी तिला देणार नाही.

चकली: इथे पुस्तक

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी-चमच्याचं माप तिने घराघरांत पोचवलं. मी ती पहिल्यांदा आणली ती आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून. ही संस्था १८९३ पासून ठाण्यात आहे, आणि तिथून पाककृतीचं पुस्तक घरी नेणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्या आहेत.

चकलीचं सगळं गणित भाजणीत आणि मोहनात, म्हणजे पिठात घालायच्या कडकडीत तेलात आहे, म्हणून इथे छापील माप हवं. एका वर्षी एका कार्यक्रमात पाहुण्या बाईंनी ‘अर्धी वाटी मोहन’ सांगितलं. त्यांची वाटी छोटी, चटणीची असावी. माझी वाटी आमटीची. पहिली चकली तेलात सोडली आणि ती पसरली, मग विरघळून तळाला बसली. त्या दिवाळीला भाजणीचं थालीपीठ आम्ही आठवडाभर खाल्लं. टीव्हीवर वाटी दिसते, पण ती केवढी ते कळत नाही. व्हिडिओतही हाच धोका आहे, फक्त तिथे बरेच जण आता वाटीबरोबर ग्रॅमचंही माप देतात, ते बघूनच निवडावा. पुस्तकातही वाटी किती मोठी याचा प्रश्न उरतोच, पण सगळी मापं एकाच वाटीने घेतली की प्रमाण बिघडत नाही.

पुस्तक हाती येईपर्यंत आमच्या वहीतली भाजणी अशी: १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, वाटीभर धणे, अर्धी वाटी जिरे. धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. मोहन चार वाट्या भाजणीला चार टेबलस्पून कडकडीत तेल. दळायला देताना गिरणीत सांगायचं की गव्हावर दळू नका, तांदळावर किंवा हरभऱ्यावर दळा. ही गोष्ट मला एकाही व्हिडिओत भेटली नाही, गिरणीवाल्यानेच शिकवली.

वेळ नसेल तर जांभळी नाक्याला सुटी भाजणी मिळते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त आधी पावभर आणून चार चकल्या तळून बघाव्यात आणि मगच बाकीची घ्यावी.

तळण मात्र बघून शिकायचं. चकली टाकल्यावर तेल फसफसतं, मग बुडबुडे कमी होत जातात. ते जवळजवळ थांबले की काढायची. आधी काढली तर गरम असताना कुरकुरीत लागते आणि डब्यात मऊ पडते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

बेसनाचे लाडू: इथे जुना कार्यक्रम

हे मी सगळ्यांत खात्रीने सांगते. बेसन तुपात मंद आचेवर भाजायला अर्धा तास लागतो. व्हिडिओत तो अर्धा तास चाळीस सेकंदांचा होतो. नवशिक्या मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, ती गॅस मोठा करते, आणि बेसन वरून लाल, आतून कच्चं राहतं. मग लाडू टाळूला चिकटतो.

जुन्या कार्यक्रमांतही कापाकापी होतीच. पण तिथे कढईशेजारी गप्पा असायच्या. सूत्रसंचालक विचारतोय, बाई माहेरच्या दिवाळीचं सांगतेय, आणि तिचा हात उलथन्यावरून सुटत नाही. बेसन आधी घट्ट गोळ्यासारखं होतं, मग हळूहळू सैल पडतं, तूप सोडतं, आणि मग वास येतो. ही चाल त्या गप्पांच्या लयीत कळायची. आम्ही मायलेकी भाजताना अजूनही एकमेकींना गोष्टी सांगतो, आणि ती सवय टीव्हीनेच लावली.

‘आम्ही सारे खवय्ये’चे जुने भाग झी फाइव्हवर बघता येतात. भाचीने त्यातला लाडवाचा एखादा बघावा, पण माप वहीतलं घ्यावं: दोन वाट्या जाडसर बेसन, एका वाटीपेक्षा थोडं कमी तूप, भाजून झाल्यावर दुधाचा हबका, म्हणजे रवाळ होतं. पिठीसाखर पूर्ण थंड झाल्यावरच. गरम बेसनात साखर घातली की ती विरघळते, मिश्रण सैल होतं आणि लाडू बसतो.

करंजी आणि शंकरपाळे: इथे व्हिडिओ

शंकरपाळ्यांना फार विचार नको. दूध, साखर, तूप एकेक वाटी, मावेल तेवढा मैदा. कुठूनही करा.

करंजीसाठी मात्र डोळ्यांसमोर हात हवेत, आणि ते हात थांबवता यायला हवेत. साटा, म्हणजे तूप आणि पिठाचं फेटलेलं मिश्रण, लावून पोळ्या एकावर एक कशा ठेवायच्या, वळकटी किती घट्ट, लाटी कापल्यावर पदर वर की बाजूला, हे पुस्तक वाचून मला दोन वर्षं कळलं नव्हतं. टीव्हीवर ते क्षणात निघून जायचं. मोबाइलवर मधुराज रेसिपीसारख्या चॅनेलवरचा व्हिडिओ दहा वेळा मागे नेता येतो, ओट्यावर टेकवून ठेवता येतो. आईला हे तेव्हा मिळालं असतं तर तिच्या वहीतलं करंजीचं पान एवढं खाडाखोडीचं झालं नसतं.

एकच पथ्य: व्हिडिओ आदल्या रात्री पूर्ण बघावा, माप कागदावर लिहून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी फक्त हात बघण्यापुरता लावावा. पिठाच्या बोटांनी पडदा सरकवत केलेल्या करंज्यांची पारी वाळते, कडा सुटतात आणि सारण तेलात जातं.

अनारसे

इथे तिघांपैकी कुणीच पुरत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचं. वहीत प्रमाण आहे, चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला गूळ. पण दरवर्षी गूळ वेगळा, तांदूळ वेगळा. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरून पसरला, तर त्यात तांदळाची पिठी किती घालायची हे पिठाला हात लावूनच ठरतं. खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही, एवढं कुणीही सांगेल. पीठ बोटांना कसं लागायला हवं, हे मात्र कुणीतरी शेजारी उभं राहूनच दाखवावं लागतं.

म्हणून भाचीला मी वहीतली तीन पानं झेरॉक्स करून दिली: भाजणी, बेसन लाडू, शंकरपाळे. लाल शाई काळी आली, तर ती मी पुन्हा लाल पेनाने गिरवली. ‘रुचिरा’ तिने घ्यावी, ती दिवाळीनंतरही वर्षभर उपयोगी पडेल. करंजीचा व्हिडिओ तिने स्वतः निवडून मला पाठवलाय, मी बघितला, चांगला आहे.

अनारशांसाठी मी तिच्याकडे जाणार आहे. वसुबारस कोजागिरीनंतर बाराव्या दिवशी येते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजवले तर चौथ्या दिवशी दळून होतात आणि पीठ मुरायला आठवडा मिळतो. तिला सांगितलंय, जुना जाड तांदूळ आण, तीन वाट्या, आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी भिजत घाल.