दोन ग्लास पाणी आणि आईचे 23,400 रुपये

आईबाबा पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतात, दोघंच. डिसेंबरात एका दुपारी बाबा झोपलेले असताना गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण दारात आला. "काकू, सोसायटीतर्फे पाण्याची मोफत तपासणी चालू आहे." आईने दार उघडलं. सोसायटीने असं कुणालाही पाठवलं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढे काय झालं ते आईने सांगितलं तसंच सगळं लिहिते, कारण हाच प्रकार तुमच्या घरी होऊ शकतो.

त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे क्षार काढणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचं. टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) बुडवला, तर नळाचं 92, बाटलीतलं 14. मग बॅगेतून धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र काढून दोन्ही ग्लासांत सोडलं आणि प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी पिवळट झालं, मग हिरवट-काळं, वर गाळाचा साका तरंगायला लागला. बाटलीतलं पाणी होतं तसंच. "काकू, हे रोज तुमच्या पोटात जातंय. काकांना मुतखडा झाला होता ना, तो ह्यानेच." बाबांच्या मुतखड्याचं आईनेच त्याला दहा मिनिटांपूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं.

आईला घाम फुटला. तिने लगेच चेक लिहून दिला. आरओचे 16,900 आणि बाथरूमच्या बोअरच्या पाइपला बांधायच्या "मॅग्नेटिक सॉफ्टनर"चे, म्हणजे जड पाणी मृदू करतो म्हणून विकलेल्या चुंबकाचे, 6,500.

मला फोनवर हे कळलं तेव्हा मशीन बसून आठवडा झाला होता. माझी नणंद ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "तो गाळ पाण्यातला नाही, कांड्यांचा आहे." पुढच्या रविवारी आम्ही दोघी आईकडे गेलो. तिने आरओचं पाणी ग्लासात घेतलं, दोन लोखंडी खिळे आत सोडले आणि नऊ व्होल्टची छोटी बॅटरी जोडली. काहीच झालं नाही. मग आईलाच म्हणाली, "ह्यात चिमूटभर मीठ टाका." आईने टाकलं. खिळ्याभोवती लगेच बुडबुडे आले आणि थोड्या वेळात हिरवट-तपकिरी चोथा खाली बसायला लागला. आई बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिली.

त्यातलं गणित साधं आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळतं. तेच गंजाच्या रूपाने तरंगतं. आरओने क्षार जवळजवळ सगळे काढलेले असतात, वीज वाहत नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ दिसतं. पिण्यायोग्य, निर्मळ पाणीसुद्धा ह्या यंत्रात काळं पडणारच. (त्याचं यंत्र थेट घरच्या विजेवर चालतं. तसला प्रयोग घरी करू नका.)

टीडीएसचंही तेच. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत टीडीएस चालतो. आमचं खडकवासल्याचं पाणी 92. एवढ्या गोड्या पाण्याला आरओ लावून एक लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, हे मला अजूनही सहन होत नाही. 500 च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच दिले होते. आणि मीटरला जंतू दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. पाण्याबद्दल खरीच शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या.

आता तो सॉफ्टनर. बोअरचं पाणी आमच्याकडे खरंच जड आहे, बादल्यांवर पांढरे थर बसतात, गिझरची कॉइल दोनदा बदलली. म्हणून तिथे तरी उपयोग होईल अशी आशा होती. दोन बाटल्यांत पाणी भरलं, एक चुंबकाच्या आधीचं, एक नंतरचं, आणि दोन्हींत साबणाचा चुरा टाकून हलवलं. दोन्हींत फेस नाही, नुसत्या पांढऱ्या गुठळ्या. पाणी खरोखर मृदू करणाऱ्या यंत्रात रेझिनचे बारीक मणी असतात, ते रेझिन पाण्याला जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि सोडियम सोडतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: रेझिन किती लिटर आणि मीठ किती लागेल?

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पावतीवरचा फोन बंद आहे. 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाची कागदपत्रं तयार करतेय. पाच लाखांच्या आतल्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही. पावती, चेकचा तपशील आणि त्या चुंबकाचे फोटो जपून ठेवलेत.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे तसाच एक माणूस आल्याचं आईला कळलं. ती मिठाचा डबा घेऊन खाली गेली आणि म्हणाली, "तुमच्या बाटलीतल्या पाण्यात आधी हे चिमूटभर टाका, मग कांड्या बुडवा." दुसरीकडे वेळ दिलीय असं म्हणून त्याने बॅग भरली आणि निघून गेला.