आतल्या झाकणाचा कुकर: बाबांसाठी घेतला, तीन महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू साध्या तीन लिटरच्या हॉकिन्स क्लासिकचा आहे. ना बटण, ना स्क्रीन, दोन हजाराच्या आत येणारा ॲल्युमिनियमचा नेहमीचा कुकर. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात ज्या वस्तू आल्या, त्यात इतका विचार करून बनवलेली दुसरी नाही, आणि फोनसुद्धा मी त्यात धरतेय.

झालं असं की ताईचं बाळंतपण म्हणून आई नाशिकला गेली आणि चरईतल्या घरात बाबा एकटे. मी ऐरोलीला, ऑफिस करून रोज ठाण्याला जाणं जमत नाही. बाबा 74 वर्षांचे, म्हणाले डबा नको लावूस, मला वरण-भात शिकव. आईचा कुकर बाहेरून झाकण फिरवून लावायचा, वीस वर्षं जुना, कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलेलं, हँडल ढिलं. त्याला मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून ओरिजिनल म्हणून रिंग आणली ती पंधरा दिवसांत सैल पडली आणि बाजूने वाफ मारायला लागली. त्यातच एका रविवारी शिट्टी होऊन दोन मिनिटं नाही झाली तर बाबा झाकण फिरवायला लागले, मी तिथेच होते म्हणून हात धरला. त्या रात्री मला झोप लागली नाही खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी दोघं जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात. दुकानाचं एका गोष्टीसाठी कौतुक करायलाच हवं, काउंटरवर कुकर उघडा ठेवलेला असतो, हातात घेऊन लावून बघा म्हणतात, घाई नाही. बाबांनी झाकण सवयीने वर ठेवलं आणि फिरवायला गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, वरून नाही, आत सोडायचं." तिरकं करून आत सोडलं, वर ओढून घेतलं, हँडलवर हँडल आणलं आणि कडी अडकवली. पहिल्या तीन वेळा जमलं नाही. चौथ्यांदा जमलं आणि बाबांनी झाकण परत बाहेर काढून त्याची कड अंगठ्याने चाचपली, मग कुकरच्या तोंडाची आतली कड चाचपली. बाबा पस्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांना वस्तू डोळ्यांआधी बोटांना कळते. म्हणाले, "अगं हे झाकण नाहीये, हे आतून मारलेलं बूच आहे."

आणि तिथेच बिलाच्या मागे हिशोब मांडला. कुकरमध्ये प्रेशर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. झाकणाचा व्यास 15 सेंटीमीटर धर, म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे वाफ झाकणाला पावणेदोनशे किलोचा जोर लावते. तांदळाच्या पन्नास किलोच्या साडेतीन गोण्या! बाहेरच्या झाकणात हा सगळा जोर झाकण उडवायला बघतो आणि त्याला फक्त कडेचे दात धरून ठेवतात. आतल्या झाकणात तोच जोर झाकणाला कुकरच्या तोंडावर आतून दाबून धरतो. वाफ वाढली की झाकण आणखी घट्ट. उघडायचं तर ते खाली आत ढकलावं लागतं, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या विरुद्ध, जे कुणाच्याही हाताला शक्य नाही, घाईत असो, विसरभोळा असो की 74 वर्षांचा असो. कुलूप नाही, लाल दिवा नाही, सूचना वाचायची गरज नाही, ज्या वाफेची भीती तीच राखणीला बसवलीये. मला हे इतकं आवडलंय की ऑफिसमध्ये चार जणांना कागदावर चित्र काढून सांगितलंय.

बाहेरच्या झाकणाचे सगळे वाईट असं मात्र समजू नका हं. प्रेस्टीजच्या कुकरमध्ये गास्केट रिलीज सिस्टीम असते, झाकणाच्या बाजूला एक खाच, प्रेशर फार वाढलं तर रिंग त्या खाचेतून बाहेर सरकते आणि वाफ निघून जाते, तीही डोकं लावूनच केलेली गोष्ट आहे. आणि शिट्टी चोंदली तर वितळून वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्हीकडे असतो. घेताना आयएस 2347 चा, म्हणजे कुकरसाठीच्या भारतीय मानकाचा, आयएसआय मार्क मात्र बघाच, घरगुती कुकरला तो फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे, तरी बिनामार्कचे दिसतात कुठे कुठे.

घरी येताना बाबांनी सांगितलं की हॉकिन्सचा कारखाना वागळे इस्टेटमध्येच आहे, कंपनी 1959 ची, इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्सच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालेली. इतकी वर्षं शेजारी काम केलं आणि झाकण आज बघतोय म्हणाले.

आता वापराचं. सगळ्यात सुंदर क्षण शेवटी येतो. गॅस बंद करून कुकर निवला की शिट्टी जरा उचलून बघायची, फुसफुस नाही ना, मग कडी सोडायची, आणि झाकण आपोआप आत पडतं, हलकासा "टुक" आवाज करत. नाही पडलं तर समजायचं वाफ आहे अजून, थांबा. बाबांना ऐकू जरा कमी येतं पण हा आवाज त्यांना हातात कळतो. रोज संध्याकाळी फोनवर मी विचारायचे जेवलात का, आता ते स्वतःच सांगतात, "पडलं झाकण, बसतो जेवायला."

शिट्ट्या मोजायच्या नाहीत हेही नवीन शिकलो. पहिली शिट्टी म्हणजे पूर्ण प्रेशर आलं, आत 120 अंशांच्या आसपास तापमान, मग गॅस बारीक करून घड्याळ लावायचं. तुरीच्या डाळीला बाबा दहा मिनिटं देतात, एकदम लोण्यासारखी होते, आणि गॅस किती वाचतो ते बघून आईला फोनवर ऐकवतात. डाळ-तांदूळ अर्ध्याच्या वर भरू नका पण, फेस वर चढून शिट्टीचं भोक चोंदतं. शिट्टीचं वजन वाफ उचलते ही कल्पनासुद्धा खूप जुनी आहे, डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनला हाडं शिजवायचं भांडं केलं आणि पुढे त्याला वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला.

अडचणी पण आहेत, त्या आतल्या झाकणाच्या कुठल्याही कुकरला येतात. झाकण लावायला हात बसावा लागतो, बाबांना आठवडा लागला. आणि मुख्य म्हणजे तोंड पोटापेक्षा लहान, कारण झाकण आतून टेकायला कड हवीच, त्यामुळे रुंद डबे आत जात नाहीत. आमच्याकडे कुकर लावणं म्हणजे खाली पाणी, जाळी, वर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, ती सोय इथे गेली. बाबा डाळ थेट कुकरमध्ये करतात आणि भात पातेल्यात, किंवा मग मुगाची खिचडी. तळाचे कोपरे घासायलाही हात जरा वळवावा लागतो, ज्यांना ढवळायचं जास्त असतं त्यांनी हॉकिन्सचंच कॉन्ट्युरा मॉडेल बघा, त्याच्या बाजू गोलसर आहेत, डाव सगळीकडे पोचतो. एक रिंग जास्तीची घेऊन ठेवा, पण कंपनीच्या पाकिटातलीच.

परवा आईचा फोन आला, बाळ आता तीन महिन्यांचं झालंय, पुढच्या रविवारी ती परत येतेय. बाबांनी तिला झाकणाचं सगळं सांगितलं, गोण्यांच्या हिशोबासकट. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "माझे डबे जातात का त्यात?" तर आता तिच्यासाठी पाच लिटरचा बघायचाय. तिचे डबे पिशवीत घालूनच दुकानात जाणार आहे, त्यांनी हो म्हटलंय.